मरण ही शिक्षा आहे काय?



गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर, ओवळ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वस्तीत मी जलदान विधीला गेलो होतो. घर नवदीक्षित. दोनच वर्षांपूर्वी या कुटुंबाने त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, देव्हारा उतरवला आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. घरचा कर्ता पुरुष, वय बेचाळीस, रक्ताच्या कर्करोगाने सात महिन्यांत गेला. भन्तेजींचा परित्राण पाठ झाला, चार जण दोन शब्द बोलले, चहा वाटला गेला. मग गावाकडून आलेली एक वृद्ध आत्या, कुणाला दुखवावे म्हणून नव्हे, तर आपल्या समजुतीप्रमाणे बोलली, "देव घराबाहेर काढले, म्हणून देवानं कर्ता उचलला."

घरात कुणी काही बोलले नाही. मंडळी पांगल्यावर त्या भगिनी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही शाळेत सायन्स शिकवता. खरं सांगा. ह्यांच्या रक्तात काय झालं? आम्ही काय पाप केलं होतं?"

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. "ताई, असं काही नसतं," एवढेच म्हणून मी निघालो. पण "असं काही नसतं" हे उत्तर नव्हे. ज्याने देव सोडले, त्याला जुन्या उत्तराच्या जागी नवे उत्तर मिळाले पाहिजे. नाही तर रिकाम्या देव्हाऱ्यात जुने देव परत येऊन बसायला वेळ लागत नाही. आज आत्या बोलली, उद्या शेजारीण बोलेल, परवा आपलेच मन बोलेल. तुमच्याही घरी हा प्रश्न कधी ना कधी येणार आहे. म्हणून ते राहिलेले उत्तर मी आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या समाजात मरणाची तीन कारणे सांगितली जातात. पहिले, देवाचा कोप. दुसरे, मागच्या जन्मीचे कर्म. तिसरे, सटवाईने कपाळावर लिहून ठेवलेले. वरवर पाहता ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत. पण नीट तपासा, तिन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. मरण हा निकाल आहे, तो देणारा कुणी न्यायाधीश आहे आणि मेलेला माणूस, नाही तर त्याचे घर, गुन्हेगार आहे. म्हणजे दुःखात बुडालेल्या बाईला नवरा तर गमवायचाच, वर आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे राहायचे!

पहिल्या उत्तराची परीक्षा सोपी आहे. देव सोडल्याने हा रोग होत असेल, तर परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर फक्त आपलेच लोक दिसायला हवेत. तेथे एकदा जाऊन पाहा. गळ्यात तुळशीची माळ असलेला आहे, दंडाला ताईत बांधलेला आहे, क्रूस घातलेला आहे, डोक्यावर टोपी असलेला आहे. नवस बोललेले आहेत आणि फेडलेलेही आहेत. रोगाने कुणाच्याही देव्हाऱ्याची चौकशी केलेली नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरासाठी मात्र शरीराच्या आत उतरावे लागेल. कारण तेथे जे दिसते ते मरणाविषयीची आपली सारी कल्पनाच बदलून टाकते.

आपण समजतो की जिवंत शरीरात सारे जिवंतच असते आणि मरण बाहेरून येते. हे खरे नाही. तुम्ही हा लेख वाचत असताना तुमच्या शरीरातील लक्षावधी पेशी मरत आहेत आणि त्यांच्या जागी नव्या येत आहेत. रोजचा हिशेब केला तर तो अब्जांच्या घरात जातो. या मरणावाचून आपण माणसाच्या आकाराचेच झालो नसतो. आईच्या गर्भात बाळाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी मरतात, तेव्हा पाच बोटे सुटी होतात. पावसाळ्यात घोडबंदरच्या डबक्यांत बेडकाची पिल्ले वळवळताना तुम्ही पाहिली असतील. त्यांची शेपटी कुणी तोडत नाही. तिच्यातील पेशी मरून विरघळतात आणि बेडूक जमिनीवर येतो. एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीच्या शरीरात वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात. त्यांतील नेमक्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. हे ज्यांनी शोधले, त्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन या तिघा शास्त्रज्ञांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली अशा मरणाला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. तो ग्रीक शब्द आहे आणि झाडाची पाने गळणे असा त्याचा अर्थ आहे. येऊरच्या डोंगरावरचा साग पाने टाकतो, तेव्हा वाऱ्याने ती तोडलेली नसतात. झाडच देठापाशी त्यांना मोकळे करते. वारा हे निमित्त असते.

आता पेशी मरते कशी ते पाहू. थोडे लक्ष देऊन वाचा, अवघड नाही.

प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक बारीक कणिका असतात. त्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम त्या करतात. पण जे पेशीला जगवते, त्याच्याच पोटात तिच्या मरणाचीही सोय असते. तंतुकणिकेला दोन पडदे असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. हे पडदे स्निग्ध पदार्थांचे, म्हणजे एका प्रकारच्या चरबीचे, बनलेले असतात. आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाची एक खास चरबी असते. मेरी पँगबॉर्न या संशोधक स्त्रीने १९४२ साली ती बैलाच्या हृदयातून वेगळी काढली, म्हणून तिच्या नावात हृदयवाचक शब्द आहे. रक्ततपासणीच्या कागदावर व्हीडीआरएल अशी अक्षरे तुम्ही वाचली असतील, तर त्या चाचणीतही हीच चरबी वापरतात.

या कार्डिओलिपिनवर ऋण विद्युतभार असतो आणि सायटोक्रोम सी नावाच्या एका लहानशा प्रथिनावर धन भार असतो. त्यामुळे हे प्रथिन आतल्या पडद्याला बिलगून राहते. तेथे असते तोवर ते ऊर्जा निर्माण करण्याच्या कामात हातभार लावते. तेच पडद्याबाहेर पेशीच्या रसात सांडले, तर पेशीचे मरण सुरू होते. १९९६ साली शियाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले, तेव्हा शास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले. जगवणारे आणि मारणारे वेगळे नव्हते. एकच वस्तू होती, फक्त तिची जागा बदलली होती.

ती बाहेर कशी सांडते? आपल्या खाडीकाठचा खाजणाचा बांध डोळ्यांपुढे आणा. पेशीत बॅक्स आणि बॅक नावाची दोन प्रथिने असतात. बॅक बाहेरच्या पडद्यातच असते, बॅक्स एरवी पेशीच्या रसात निरुपद्रवीपणे फिरत असते. बीसीएल-२ नावाचे तिसरे प्रथिन या दोघांना आवरून धरते. पेशीला भरून न येणारी इजा झाली की संदेश देणारी आणखी काही प्रथिने पुढे येतात. त्यांत बिड नावाचे एक आहे. ते कापले जाते आणि त्याचा तुकडा तंतुकणिकेकडे धावतो. तेथे कार्डिओलिपिन त्याला बसायला जागा देते. मग बॅक्सचा आकार बदलतो, ते बाहेरच्या पडद्यात रुतते, अनेक बॅक्स आणि बॅक एकत्र येऊन कडे धरतात आणि पडद्याला भोक पडते. बांध फुटला! इकडे आतल्या पडद्यातील कार्डिओलिपिन प्राणवायूच्या क्रियेने बिघडते, तिची सायटोक्रोम सी वरची पकड सैल होते आणि ते प्रथिन बाहेर वाहते. पुढे कॅस्पेज नावाची प्रथिने जागी होतात आणि पेशीची आवराआवर सुरू करतात. पेशी लहान लहान गाठोड्यांत विभागली जाते आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. ना सूज, ना पू, ना गलका.

आता मी तुम्हाला विचारतो, या पेशीला मारले कुणी? बॅक्सने म्हणावे, तर पडद्यातील चरबीच्या आधारावाचून त्याचे काम नीट होत नाही. चरबीने म्हणावे, तर ती नुसती पडद्यात बसली होती. बिडने म्हणावे, तर त्याला दुसऱ्याच कुणी कापले. सायटोक्रोम सी ने म्हणावे, तर ते कालपर्यंत जगवत होते. मारणारा असा कुणी एक सापडत नाही. कारणे सापडतात. एक असते म्हणून दुसरे घडते, ते नसले तर घडत नाही. तथागतांनी ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हटले, तो विचार करण्याचा मार्ग हाच. भदन्त नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारले होते की यात रथ कोणता. आपणही पेशीचा एकेक भाग हाती घेऊन पाहिला. त्यात न्यायाधीश सापडला नाही, निकालपत्र सापडले नाही, सटवाईची लेखणीही सापडली नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. बुद्धाला बॅक्स आणि कार्डिओलिपिन माहीत होते, असे मी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. मग त्रिपिटकात तंतुकणिका शोधून आपणच हास्यास्पद का व्हावे? तथागतांनी आपल्याला माहितीचे भांडार दिले नाही. कारण विचारण्याची आणि तपासून घेण्याची सवय दिली. ती सवय असेल तर प्रयोगशाळेतील माहिती कुणाचीही असो, ती आपल्या कामाची आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. रक्तात काय झाले?

ताई, अनेक कर्करोगांत होते ते असे की पेशी मरायचे विसरतात. बीसीएल-२ हे आवरून धरणारे प्रथिन लसिकापेशींच्या एका कर्करोगातच प्रथम सापडले. १९८४-८५ च्या सुमारास दिसून आले की त्या पेशींत दोन गुणसूत्रे तुटून त्यांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले गेले आहेत आणि त्यामुळे हे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होत आहे. १९८८ साली मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले की हे प्रथिन पेशींना वाढायला लावत नाही, तर मरू देत नाही. जुन्या पेशी जात नाहीत, त्यांची गर्दी होते आणि निरोगी रक्ताला जागा उरत नाही. ज्या रोगाला आपण मरणाचा रोग म्हणतो, त्याच्या मुळाशी मरणाचा अभाव आहे!

ही चूक कुणी केली? पेशी दुभंगताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल होते. नकलेत चुका होतात. बेंझीनसारखी द्रव्ये, किरणोत्सर्ग आणि वाढते वय यांमुळे त्या वाढतात. पुष्कळदा कुठलेही एक कारण बोट दाखवण्याजोगे नसते. त्यात पाप नाही. तुमच्या भाऊंनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, काहीही वाईट केले नव्हते. तुम्हीही नाही.

पूर्वकर्माचे म्हणाल, तर संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाशी तथागतांचा संवाद आहे. माणसाला जे जे भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी त्याने विचारले. तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतू, शरीराची हेळसांड, आघात अशी आठ कारणे सांगितली. कर्म हे त्या आठांतले एक. सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे चूक करतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाबासाहेब तर याहून पुढे गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. मागच्या जन्मीच्या पापाने या जन्मीची दैना ठरते, ही कल्पना बुद्धाची नव्हेच, असे त्यांनी त्यात प्रतिपादले. त्यांना हे का सांगावेसे वाटले, ते तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायला नको. याच कल्पनेने आपल्या बापजाद्यांना सांगितले होते की तुमचे दारिद्र्य तुमच्याच पापाचे फळ आहे.

आणि लिहिलेले बदलत नाही, हेही खोटे ठरले आहे. बीसीएल-२ ला अडवून पेशीला पुन्हा मरायला मोकळे करणारे व्हेनेटोक्लॅक्स नावाचे औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाले. आपल्या घोडबंदरपासून जवळच, पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियल सेंटरने मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती सिद्ध केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढतात, कर्कपेशी ओळखण्याचे जनुक त्यांच्यात घालतात आणि त्या परत देतात. या टी-पेशी कर्कपेशीत ग्रँझाइम नावाचे प्रथिन सोडतात. ते बिडला कापते आणि पुढे तोच बांध फुटतो, ज्याची गोष्ट तुम्ही आत्ता वाचली. सर्वच रुग्ण बरे होतात असे नाही, पण काही होतात. म्हणजे जे कपाळावर लिहिले आहे असे आपण म्हणत होतो, ते पवईत पुसता येते!

मग कर्म नाहीच का? आहे. पण ते शोधायचे तर मागच्या जन्मात नव्हे, या जन्मात शोधा. या उपचाराची किंमत परदेशातील अशा उपचारांच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी आहे, असे सांगतात. तरीही ती कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. पेशीतील चूक कुणाचेही पाप नाही. पण उपाय असताना तो पैशावाचून मिळू नये, हे मात्र माणसांचे कर्म आहे आणि माणसांनाच ते बदलता येईल. आणखी एक कर्म मी लपवणार नाही. या गृहस्थांना ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा ते मला रस्त्यात भेटले होते. मी म्हणालो, "अशक्तपणा असेल, टॉनिक घ्या." पदवीधर, विज्ञानाचा शिक्षक मी! पुढे घरच्यांनी एका देवऋषाकडे दीड महिना घालवला. वेळेवर गेले असते तर ते वाचलेच असते, असा दावा मी करत नाही. पण ज्याचा विचार करावा असे कर्म हे आहे.

आता एका तरुणाच्या शंकेला उत्तर देतो. हे सारे मी विहारात सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, म्हणजे पेशी शरीरासाठी बलिदान करते. मग समाजही शरीर आहे. काहींनी सर्वांसाठी झिजायचे, हा निसर्गाचाच नियम झाला की."

बंधूंनो, येथे सावध व्हा. समाज हे शरीर आहे आणि त्यात कुणी मुख, कुणी पाय, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पुरुषसूक्ताची बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात चिरफाड केली आहे. पेशीला वेदना नाही, लेकरू नाही, इच्छा नाही. ती बलिदान करत नाही, तिच्यात ते घडते. माणसाला हे सारे आहे. निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून माणसाने ती करावी, असे ठरत नाही. नाही तर मोठा मासा लहान माशाला खातो, यालाही आपण नीती म्हणू! आणि निसर्गाची साक्ष काढायचीच असेल तर पूर्ण काढा. सायटोक्रोम सी हे १०४ दुव्यांचे प्रथिन माणसात आणि चिंपांझीत अगदी सारखे आहे. ज्या प्रथिनाला माणूस आणि चिंपांझी यांच्यातला भेद ठाऊक नाही, त्याला ब्राह्मण आणि महार यांच्यातला भेद कुठून ठाऊक असणार?

शेवटी सर्वांत अवघड प्रश्न उरतो. न्यायाधीश नाही, आत्मा नाही, मग गेलेल्याचे उरले काय? बाबासाहेबांच्या मांडणीत याचे उत्तर आहे. शरीर ज्या धातूंचे बनले, ते नष्ट होत नाहीत, विश्वातील आपापल्या साठ्यात जाऊन मिळतात. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जात नाही. हे कोरडे वाटेल, मला कळते. पण मी त्या घरात जे पाहिले तेही सांगतो. त्या गृहस्थांनी रात्रपाळी करून मुलीला अकरावीत घातले होते. विहाराच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात आहे. जलदानाच्या दुसऱ्या आठवड्यात ती किल्ली मुलीने मागून घेतली. कुशल कर्म पुढे जाते ते असे. त्याला आत्म्याचे वाहन लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती केवळ एक विधी बंद करण्यासाठी नाही. मेलेल्याला आणि मागे राहिलेल्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवण्यासाठी आहे. पिंडाचा खर्च वाचला तर त्यातून मुलांची वह्या-पुस्तके घ्या. ताप आठवडाभर हटला नाही, विनाकारण रक्त येऊ लागले, तर देवऋषाकडे नको आणि माझ्यासारख्या अर्धवट शहाण्या मास्तराकडेही नको, सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. आणि जलदानाला गेलात, तेथे कुणी वृद्ध आत्या काही बोलली, तर तिच्यावर रागावू नका. तिला तेवढेच शिकवले गेले. तिच्याशेजारी बसा आणि हळू आवाजात, पण त्या घरच्या बाईला ऐकू जाईल असे, सांगा की मरण ही शिक्षा नव्हे आणि या घरात कुणीही गुन्हेगार नाही.

मी त्या दिवशी सांगायचे राहिलो. तुम्ही राहू नका.

जयभीम.